हसवणाऱ्यांची मंडळी : दारिओ फो, फ्रांका रामे आणि काळा विनोद

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



मराठी माणसाचे नाटकाशी असलेले नाते दुहेरी आहे. तो नाटक पाहतो आणि नाटक वाचतोही. जुन्या ग्रंथालयांतील नाट्यविभागाला मिळणारा वाचक हा या नात्याचाच पुरावा होय. छापील नाटक वाचताना आपण गृहीत धरतो की, नाटककाराने ते आधी लिहिले आणि नटांनी नंतर ते पाठ केले. बहुतेक नाटकांच्या बाबतीत हे खरेही आहे. परंतु रंगभूमीच्या इतिहासात अशीही मंडळी होऊन गेली की, ज्यांचे नाटक रंगमंचावर घडत गेले, काल रात्रीच्या प्रयोगात आणि आजच्या प्रयोगात फरक पडत राहिला, आणि पुस्तक मागाहून तयार झाले. अशा नाटकमंडळीचे ग्रंथालयात काय शिल्लक राहते, आणि कोणामुळे राहते, हा प्रश्न शताब्दीच्या निमित्ताने विचारण्याजोगा आहे. त्यासाठी येथे एका इटालियन मंडळीचे उदाहरण घेतले आहे : दारिओ फो आणि फ्रांका रामे या दांपत्याची मंडळी. मृत्यू, उपासमार, पोलिसी अत्याचार अशा विषयांवर त्यांनी प्रेक्षकांना पोट धरून हसवले, आणि त्या हसण्याची किंमतही मोजली.

दोघांची घडण वेगवेगळ्या परंपरांत झाली. दारिओ फो यांचा जन्म २४ मार्च १९२६ रोजी उत्तर इटलीत, माज्जोरे सरोवराजवळच्या सांजानो या गावी झाला. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. सरोवराकाठच्या वस्तीत मासेमार, काचकाम करणारे कारागीर आणि सीमेपलीकडून चोरटा माल आणणारे लोक राहत. संध्याकाळी त्यांच्यात कथेकरी बसत आणि अचाट गोष्टी सांगत. फो यांचे आजोबा गाडीवर भाजी विकत हिंडत, आणि गिऱ्हाइकांना गावातल्याच बातम्या तिखटमीठ लावून ऐकवत. पुढे फो मिलानला जाऊन चित्रकला आणि वास्तुशास्त्र शिकले, पण त्यांचे खरे शिक्षण या कथेकऱ्यांच्या बैठकीत झाले होते.

फ्रांका रामे यांचा जन्म १८ जुलै १९२९ चा. त्यांचे घराणे पिढ्यान् पिढ्या फिरत्या नाटकाचे. आधी कठपुतळ्यांचे खेळ होत. चित्रपटाचे युग आल्यावर कठपुतळ्यांच्या जागी घरातील माणसेच उभी राहू लागली. फ्रांकाबाई तान्ह्या असतानाच आईच्या कडेवरून रंगमंचावर आल्या. या घराण्याची काम करण्याची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. संपूर्ण संहिता क्वचितच असे. कथेचा सांगाडा ठरलेला, कोणी कोठून यायचे आणि कोठे जायचे हे ठरलेले. संवाद नटाने आपल्या अनुभवाच्या पोतडीतून काढायचे. ज्या गावात मुक्काम असेल तेथल्या घटना आणि माणसे खेळात आणायची.

हे वर्णन मराठी श्रोत्याला परके वाटणार नाही. तमाशातील वगाची बांधणी अशीच असे. कथानक सर्वांना ठाऊक. बतावणीत आणि वगात सोंगाड्या ऐन वेळी जे बोलेल ते त्याचे स्वतःचे. ‘गाढवाचं लग्न’मधील दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार ज्यांनी पाहिला, त्यांनी छापील वगापेक्षा कितीतरी अधिक पाहिले. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके यांनी चालू राजकारणावर दर प्रयोगाला नव्या कोट्या केल्या, याच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. मराठी सोंगाड्या आणि इटलीतील मध्ययुगीन ‘जुल्लारे’, म्हणजे बाजारपेठेतला भटका विदूषक, हे एकमेकांना न भेटलेले भाऊबंदच म्हणावे लागतील.

दारिओ आणि फ्रांका यांचा विवाह १९५४ मध्ये झाला आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्वतःची मंडळी उभारली. लेखन, नेपथ्य, वेषभूषेची रेखाटने, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका या बाजू प्रामुख्याने दारिओंकडे. भूमिका, मंडळीचा कारभार आणि संहितेची दुरुस्ती फ्रांकाबाईंकडे. पहिली दहा वर्षे त्यांनी मध्यमवर्गीय प्रेक्षकांसाठी प्रहसने केली आणि ती उत्तम चालली. १९६२ मध्ये इटालियन सरकारी दूरचित्रवाणीने त्यांना ‘कान्झोनिस्सिमा’ या अत्यंत लोकप्रिय कार्यक्रमाचे सूत्रसंचालन दिले. बांधकामावरील मजुरांच्या सुरक्षिततेची आबाळ हा त्यांच्या एका प्रवेशाचा विषय होता. मजुरांचे अपघाती मृत्यू विनोदी कार्यक्रमात आणणे अधिकाऱ्यांना रुचले नाही. त्यांनी काटछाट सुचवली. दोघांनी ती नाकारली आणि कार्यक्रम अर्ध्यावर सोडला. त्यानंतर सुमारे पंधरा वर्षे, १९७७ पर्यंत, दूरचित्रवाणीचे दार त्यांना बंद राहिले.

१९६८ हे त्यांच्या आयुष्यातील दुसरे वळण. युरोपभर विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर आले होते. ज्या श्रीमंत वर्गाची आपण टर उडवतो, तोच वर्ग तिकीट काढून पुढच्या रांगेत बसतो आणि आपल्यावरच्या विनोदाला हसून घरी जातो, याची टोचणी दोघांना लागली होती. त्यांनी नफ्यात चालणारी मंडळी बंद केली आणि ‘नुओवा शेना’ ही सहकारी संस्था काढली. प्रयोग कामगारांच्या सभागृहांत, क्रीडागृहांत, कारखान्यांत होऊ लागले. ही संस्था साम्यवादी पक्षाशी संलग्न असलेल्या सांस्कृतिक संघटनेच्या आश्रयाने चाले. परंतु मंडळीने पक्षाच्या नोकरशाहीचीही थट्टा आरंभली, तेव्हा तोही आश्रय टिकला नाही. १९७० मध्ये त्यांनी ‘ला कोमुने’ ही स्वतंत्र मंडळी काढली आणि मिलानमधील एका जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये बस्तान बसवले. पोलिसांना प्रयोगात हस्तक्षेप करण्यास वाव राहू नये म्हणून ही मंडळी खासगी सभासद-मंडळ या स्वरूपात काम करीत असे. प्रेक्षकाने आधी सभासद व्हायचे, मग नाटक पाहायचे. सभासदत्वाचा हा उपयोग ग्रंथालयाच्या सभासदांना मौजेचा वाटेल.

या काळातील पहिली मोठी निर्मिती म्हणजे १९६९ मधील ‘मिस्तेरो बुफ्फो’. रंगमंच रिकामा, अंगात काळा साधा पोशाख, आणि एकटे फो. मध्ययुगीन विदूषकांच्या पद्धतीने ते धर्मकथा सांगत, पण गर्दीतल्या माणसाच्या नजरेतून. लाझरसला येशू मृत्यूतून उठवतो ती कथा घ्या. फो यांच्या प्रयोगात स्मशान म्हणजे जत्राच. चमत्कार पाहायला लोटलेले लोक, बसायला खुर्च्या भाड्याने देणारा माणूस, खारे मासे विकणारा फेरीवाला, आणि चमत्कार घडताच सगळे वर पाहत असताना एकाचे पाकीट मारले गेलेले. ही सारी पात्रे एकच नट क्षणाक्षणाला बदलत उभी करतो. आपल्या यात्रांतून हिंडलेल्या माणसाला यात नवलाचे काहीच वाटू नये.

त्याहून काळा विनोद ‘झान्नीची भूक’ या तुकड्यात आहे. झान्नी हा दुष्काळाने गावाबाहेर फेकला गेलेला शेतमजूर. त्याला इतकी भूक लागली आहे की तो कल्पनेत स्वतःचेच अवयव, स्वतःचीच आतडी खाऊ लागतो. मग त्याला भल्यामोठ्या मेजवानीचे स्वप्न पडते. स्वप्न ओसरल्यावर त्याच्या हाती एक माशी लागते, आणि ती तो पक्वान्नाप्रमाणे चवीने खातो. या तुकड्यात अर्थपूर्ण शब्द जवळजवळ नाहीत. ध्वनी, हेल आणि अंगविक्षेप यांची ती भाषा आहे. इटालियन नट तिला ‘ग्राम्मेलो’ म्हणतात. सभागृह हसून लोटपोट होते, आणि हसता हसता ध्यानात येते की आपण एका उपाशी माणसाला पाहून हसतो आहोत. काळ्या विनोदाचे सारे मर्म या एका जाणिवेत आहे. हा विनोद दुःख झाकत नाही, आणि दुःखाकडे करुणेने पाहून मोकळे होण्याची सोयही प्रेक्षकाला ठेवत नाही.

आता या मंडळीच्या सर्वांत गाजलेल्या नाटकाकडे यावयाचे. १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानमधील पियाझ्झा फोंताना येथील एका बँकेत बाँबस्फोट झाला. त्यात १७ माणसे मृत्युमुखी पडली. पोलिसांनी ताबडतोब अराज्यवादी विचारांच्या लोकांची धरपकड केली. त्यांत जुझेप्पे पिनेल्ली हा रेल्वे कामगार होता. कायद्याने ठरवलेली मुदत उलटून गेल्यावरही त्याला पोलीस कचेरीत ठेवण्यात आले होते. १५ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास चौथ्या मजल्यावरील खिडकीतून तो खाली पडला आणि मरण पावला. पोलीस म्हणाले, आत्महत्या. परंतु त्यांनी दिलेल्या हकीकती एकमेकींशी जुळेनात.

बरोबर वर्षभराने, डिसेंबर १९७० मध्ये, वारेझे या गावी ‘एका अराज्यवाद्याचा अपघाती मृत्यू’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. कथानक असे. सोंगे वठवण्याचे वेड असलेला एक इसम तोतयेगिरीबद्दल पोलीस कचेरीत आणला गेला आहे. तेथे तो वरिष्ठ न्यायाधीशाचे सोंग घेतो आणि त्या मृत्यूची फेरचौकशी सुरू करतो. तो अधिकाऱ्यांना दटावत नाही. उलट त्यांना मदत करू लागतो. तुमच्या जबान्या जुळत नाहीत, चला, आपण त्या जुळवून घेऊ, असा त्याचा पवित्रा. डिसेंबरच्या ऐन थंडीत मध्यरात्री खिडकी उघडी का होती? वाचवू पाहणाऱ्या शिपायाच्या हाती मृताचा एक बूट राहिला म्हणता, तर खाली पडलेल्या मृताच्या दोन्ही पायांत बूट कसे? मग मृताला तीन पाय होते असे मानायचे काय? प्रत्येक दुरुस्तीबरोबर खोटेपणा अधिकच हास्यास्पद होत जातो. आपण मृताशी किती प्रेमाने वागलो हे सिद्ध करण्यासाठी अखेर पोलीस अधिकारी अराज्यवाद्यांचे गीत समूहस्वरात गाऊ लागतात. शेवटी दिवे जातात, किंकाळी ऐकू येते, आणि तो वेडाही खिडकीखाली पडलेला आढळतो. तेवढ्यात खरा न्यायाधीश दारात उभा राहतो. तो हुबेहूब त्या वेड्यासारखाच दिसतो.

या नाटकाच्या रचनेत तीन गोष्टी विशेष आहेत. पहिली, घटनेचे स्थलांतर. प्रास्ताविकात सांगितले जाई की, ही गोष्ट १९२० मध्ये न्यूयॉर्क येथे चौदाव्या मजल्यावरून पडून मेलेल्या साल्सेदो नावाच्या इटालियन अराज्यवाद्याची आहे. तिला केवळ आजचे कपडे चढवले आहेत. ही ढाल किती पातळ आहे हे प्रेक्षक आणि नट दोघेही जाणून असत, आणि त्या जाणण्यातच गंमत होती. महाभारतातील कीचकाच्या आडून कर्झनशाही दाखवणाऱ्या, आणि १९१० मध्ये बंदी आलेल्या, खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’ची आठवण येथे कोणाही मराठी रसिकाला होईल. दुसरी गोष्ट, कागदपत्रांचा वापर. पिनेल्ली प्रकरणी एका नियतकालिकावर भरलेला बदनामीचा खटला त्याच सुमारास न्यायालयात चालू होता. तेथे दिवसा जे बाहेर येई, ते रात्रीच्या संवादांत शिरे. तिसरी गोष्ट, प्रयोगानंतरची चर्चा. पडदा पडल्यावर नट आणि प्रेक्षक तासन् तास बोलत बसत. मंडळी या चर्चेला नाटकाचा तिसरा अंकच म्हणत असे.

विनोदाने राग निवतो की वाढतो, हा वाद फार जुना आहे. फो यांची भूमिका स्पष्ट होती. प्रेक्षकाने रडून हलके व्हावे आणि घरी जावे, हे त्यांना नको होते. हसताना माणसाचे तोंड उघडते, तसे डोकेही उघडते, आणि त्यात विचाराचा खिळा ठोकता येतो, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे असे. नाटकातील वेडाही सांगतो की, घोटाळा उघडकीस येणे म्हणजे समाजाला आलेला ढेकर. पोट हलके होते आणि जेवण पूर्ववत चालू राहते. स्वतःचे नाटकही असाच एक ढेकर ठरेल काय, ही शंका या मंडळीने आपल्याच प्रयोगात बोलून दाखवली, हे तिच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय.

तथापि या नाटकाचा विचार येथेच थांबवणे न्याय्य होणार नाही. नाटकातील एका पोलीस अधिकाऱ्याचे पात्र लुईजी कालाब्रेझी या हयात अधिकाऱ्यावर बेतलेले होते, हे सर्वांना कळत होते. १७ मे १९७२ रोजी कालाब्रेझी यांची मिलानमध्ये त्यांच्या घरासमोर गोळ्या घालून हत्या झाली. पुढे १९७५ मध्ये न्यायालयीन चौकशीने निष्कर्ष काढला की पिनेल्ली यांचा मृत्यू आत्महत्या नव्हे आणि खूनही नव्हे, अचानक तोल जाऊन ते पडले. आणि त्या क्षणी कालाब्रेझी खोलीत नव्हते. हा निष्कर्ष अनेकांना पटला नाही. बाँबस्फोटाबाबत मात्र २००५ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने कडव्या उजव्या गटाकडे बोट दाखवले. म्हणजे ज्यांना प्रथम पकडले ते निर्दोष होते. २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष नापोलितानो यांनी दहशतवादाच्या बळींच्या स्मृतिदिनी पिनेल्ली आणि कालाब्रेझी यांच्या विधवा पत्नींना एकत्र बोलावले. दोघी एकमेकींना भेटल्या.

नाटकाने कालाब्रेझी यांना मारले, असे म्हणणे चुकीचे होईल. त्या हत्येबद्दल न्यायालयाने माणसांना दोषी ठरवले, नाटकाला नव्हे. परंतु हयात व्यक्तीला विनोदी खलपुरुष करताना विदूषकाच्या हाती केवढे धारदार शस्त्र असते, हे या घटनेवरून दिसते. सत्ता जेव्हा खोटे बोलते तेव्हा विदूषकाने गप्प बसावे काय? बसू नये. पण त्याने हेही विसरू नये की सोंगाखाली एक माणूस असतो, आणि त्यालाही घरदार असते. या दोन विधानांपैकी एकाची निवड करून मोकळे होता येत नाही. या नाटकाचा प्रत्येक नवा प्रयोग हे ओझे घेऊनच उभा राहतो.

मंडळीने स्वतः दिलेली किंमतही मोठी होती. ९ मार्च १९७३ रोजी फॅसिस्ट गटातील माणसांनी फ्रांका रामे यांना मिलानच्या रस्त्यावरून पळवून नेले, त्यांना मारहाण केली आणि त्यांच्यावर बलात्कार केला. त्याच वर्षी सार्दिनियात पोलिसांना नाट्यगृहात येण्यास मज्जाव केल्यावरून दारिओ फो यांना अटक झाली. परंतु मंडळी थांबली नाही. १९७४ मध्ये ‘पैसे देणार नाही!’ हे प्रहसन आले. महागाईने त्रासलेल्या बायका दुकानातील माल न्याय्य वाटेल त्या किमतीत किंवा फुकटच उचलून आणतात, नवऱ्यांपासून आणि पोलिसांपासून तो पोटावर लपवतात, आणि मोहल्ल्यातल्या बायका एकाएकी गरोदर दिसू लागतात. तत्त्वनिष्ठ नवऱ्याला रात्री जेवायला मिळते ते पाखरांच्या दाण्यांचे सूप. त्याच वर्षाच्या शरदात उत्तर इटलीतील शहरांत लोकांनी खरोखरच वाढीव दर भरण्यास नकार देण्याची चळवळ केली.

फ्रांकाबाईंनी आपल्यावरील अत्याचाराचे एक छोटे स्वगत लिहिले. त्यात विनोदाचा लवलेश नाही. स्त्रियांच्या जीवनावरील खुसखुशीत एकपात्री तुकड्यांच्या प्रयोगात त्या ते सादर करीत. ही आपलीच हकीकत आहे, हे त्यांनी आरंभी प्रेक्षकांना सांगितले नव्हते. हसून थकलेल्या सभागृहात ते स्वगत आले की कमालीची शांतता पसरे. विनोदाच्या ताटात हा एक कडू घास वाढण्याचे धैर्य आणि भान दोन्ही त्यांच्यापाशी होते.

१९९७ मध्ये दारिओ फो यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. मध्ययुगीन विदूषकाची परंपरा चालवून सत्तेला फटके मारणारा आणि दलितपीडितांची प्रतिष्ठा राखणारा लेखक, असा त्यांचा गौरव झाला. अनेक विद्वानांच्या भुवया उंचावल्या : नटाला साहित्याचे पारितोषिक कसे? स्टॉकहोमच्या भाषणात त्यांनी लिखित मजकुराऐवजी श्रोत्यांच्या हाती स्वतः काढलेली रंगीत चित्रे दिली आणि त्यांच्या आधारे ते बोलत गेले. विदूषकांवर हात उगारणाऱ्याला शिक्षेची भीती नको, अशा अर्थाचा १२२१ सालचा सम्राट फ्रेडरिक दुसरा याचा कायदा, हा त्या भाषणाचा आरंभबिंदू होता. या पारितोषिकात फ्रांकाचा वाटा आहे, हे त्यांनी वारंवार सांगितले.

तो वाटा कोणता, हे ग्रंथालयाच्या सभासदांनी विशेष समजून घ्यावे. फो रंगमंचावर नवे नवे बोलत जात. कोणती जागा रंगली, कोणती पडली, काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे फ्रांकाबाई टिपून ठेवीत. त्या टिपणांतून संहिता तयार होई. फो यांच्या नाटकांच्या छापील खंडांवर संपादक म्हणून त्यांचे नाव आहे. एवढेच नव्हे, तर हस्तलिखिते, जाहिराती, रेखाटने, पत्रे, खटल्यांचे कागद असा प्रचंड संग्रह त्यांनी अनेक दशके जतन केला. फ्रांकाबाई २९ मे २०१३ रोजी आणि दारिओ १३ ऑक्टोबर २०१६ रोजी निवर्तले. त्यांचा तो संग्रह २०१६ मध्ये वेरोना येथे सार्वजनिक अभ्यासासाठी ठेवण्यात आला. क्षणात विरणारी कला शतकानुशतकांच्या हवाली करण्याचे काम या बाईंनी केले, आणि तेही स्वतः रंगमंचावर रोज उभ्या राहून.

आपल्याकडे हे काम किती झाले? ‘घाशीराम कोतवाल’सारख्या नाटकाचे भाग्य थोर. १९७२ साली पुण्यात आरंभ झालेले ते नाटक १९ प्रयोगांनंतर थांबवले गेले. त्यातील तरुणांनी थिएटर ॲकॅडमी ही स्वतंत्र संस्था काढून ते पुन्हा उभे केले. त्याची संहिता, संगीत, वाद आणि आठवणी यांची नोंद झाली. परंतु गावोगावच्या हौशी मंडळींनी गणेशोत्सवात, यात्रेत, गिरणीच्या आवारात स्वतः रचून केलेले फार्स आणि वग यांचे काय? सावकार, पुढारी, मामलेदार यांच्यावर बेतलेली ती सोंगे, ऐन दुष्काळात धान्याच्या रांगेवर केलेले ते विनोद कोठे आहेत? नटांच्या नकला ट्रंकांतून जीर्ण झाल्या, सोंगाडे वारले, आणि पाहणारेही एकेक करून कमी होत आहेत. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांत तर ही हानी दुप्पट आहे. कारण तेथली भाषा शेजारच्या भाषेत मिसळून जो खास विनोद तयार झाला, त्याची नोंद पुण्या-मुंबईच्या इतिहासकारांनी करावी अशी अपेक्षाच करता येत नाही.

म्हणून शंभर वर्षांच्या या संस्थेकडे एक विनंती आहे. सभासदांनी आपापल्या घरातील जुन्या नकला, हस्तपत्रिका, छायाचित्रे ग्रंथालयाकडे आणून द्यावीत. वृद्ध नटांना आणि प्रेक्षकांना बसवून त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. कोणत्या वाक्याला हशा आला आणि कोणत्या वाक्यानंतर फौजदाराने बोलावून घेतले, हेही लिहावे. त्यासाठी एक कपाट, एक नोंदवही आणि आठवड्यातील दोन संध्याकाळ देणारे चार सभासद एवढेच पुरेसे आहे. आपल्या गावातला सोंगाडा काय बोलला, हे गावातल्या ग्रंथालयाने लिहून ठेवले नाही, तर ते अन्यत्र कोठेही सापडणार नाही.